गाईच्या गुणसूत्रांवर दूध नेमकं कुठे लिहिलंय?

शिवारमाती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी गाईंसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप जाहीर केली. जनावराच्या नमुन्यातल्या जनुकीय खुणा वाचणाऱ्या या चिप. तेव्हापासून ओळखीतले दूध उत्पादक मला एकच प्रश्न विचारतात. कालवडीचा नमुना दिला तर पुढे ती किती लिटर देणार हे कळेल का? याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देण्यासारखं नाही. अर्धवट ऐकलेल्या उत्तरावर माणसं लाख-दीड लाखाची गाय घेतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी पशुअनुवंशशास्त्रात काम करतो, घरीही गोठा आहे.

गाईत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. दुधाचं प्रमाण, फॅट, प्रथिनं हे गुण त्यातल्या कुठल्या जागेवरून ठरतात हे शोधणं म्हणजे नकाशा काढणं. अडचण अशी की वळू दूध देत नाही, आणि गाय आयुष्यात मोजकीच वासरं देते. यातून वाट काढली वेलर, काशी आणि सोलर या संशोधकांनी १९९० मध्ये. कृत्रिम रेतनामुळे एकेका नामांकित वळूचे शेकडो मुलगे स्वतःही वळू म्हणून वापरले जातात आणि त्या प्रत्येक मुलाच्या शेकडो मुलींचं दूध मोजलेलं असतं. म्हणजे आजोबाच्या गुणसूत्र-जोडीतली कुठली प्रत कुठल्या मुलाकडे गेली हे तपासायचं आणि त्या मुलांच्या मुलींचं सरासरी दूध शेजारी शेजारी मांडायचं. एक प्रत मिळालेल्या मुलांच्या मुली सातत्याने जास्त फॅट देत असतील, तर गुणसूत्राच्या त्या भागात काहीतरी आहे हे नक्की. मिशेल जॉर्ज यांच्या गटाने १९९५ मध्ये ही युक्ती होल्स्टीन या परदेशी दुधाळ जातीच्या १४ आजोबा-वळूंच्या कुटुंबांवर, एकूण १,५१८ वळूंवर वापरली. गुणसूत्रांवर १५९ खुणा घेतल्या होत्या. रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांसारख्याच त्या. गाव नेमकं कुठे आहे ते दगड सांगत नाही, पण कुठल्या दोन दगडांच्या मध्ये आहे ते सांगतो.

अशाच शोधातून १९९८ मध्ये १४ व्या गुणसूत्राच्या टोकाला फॅटवर फार मोठा परिणाम करणारी एक जागा हाती लागली. पुढे ती निमुळती करत करत २००२ मध्ये बेल्जियमच्या लिएज विद्यापीठातल्या याच गटाने न्यूझीलंडच्या सहकाऱ्यांबरोबर जनुकाचं नाव सांगितलं, डीगॅट-१. स्निग्ध पदार्थ तयार होण्याची शेवटची पायरी ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) पूर्ण होते त्याचं हे जनुक. त्या प्रथिनात २३२ व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असेल तर फॅटचा टक्का वाढतो आणि लिटर कमी होतात. तिथे ॲलनिन आलं तर दूध वाढतं, पातळ होतं. अख्ख्या प्रथिनात एका जागेचा फरक आणि संकलन केंद्रावरच्या पावतीवर टक्क्याचे दोन-तीन दशांश इकडेतिकडे!

हे यश पाहून तेव्हा वाटलं होतं की अशी दहा-बारा जनुकं सापडली की काम संपेल. तसं झालं नाही. २० व्या गुणसूत्रावर वाढीच्या संप्रेरकाच्या ग्राहीचं (रिसेप्टरचं) जनुक मिळालं, ६ व्या वर एबीसीजी-२ हे जनुक आणि केसीन या दुधातल्या प्रथिनांच्या जनुकांचा समूह मिळाला, पण बाकीचा सगळा प्रभाव हजारो जागांवर कणाकणाने विखुरलेला निघाला. त्या एकेक शोधत बसणं व्यर्थ आहे हे म्यूविसेन, हेज आणि गॉडर्ड यांनी २००१ मध्येच ओळखलं होतं. त्यांनी सांगितलं, सगळ्या जीनोमवर, म्हणजे जनावराच्या संपूर्ण जनुकीय संचावर, दाट खुणा घ्या, प्रत्येक खुणेला तिच्या वाट्याचे गुण द्या आणि सगळ्यांची बेरीज करा. २००७ च्या शेवटी सुमारे ५४,००० खुणांची चिप आली, २००९ मध्ये गाईचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत होल्स्टीन आणि जर्सीचं जीनोमवर आधारलेलं अधिकृत मूल्यमापन सुरू झालं. वळू चांगला की वाईट हे कळायला आधी त्याच्या मुली विण्याची वाट बघावी लागे, त्यात पाच-सहा वर्षं सहज जात. आता वासरू काही आठवड्यांचं असतानाच अंदाज बांधता येतो.

आता मूळ प्रश्नाकडे. प्रत्येक खुणेला गुण द्यायचे कशावरून? ज्या हजारो गाईंचा नमुनाही आहे आणि ज्यांचं दूध वेतभर मोजून लिहिलेलंही आहे, त्यांच्यावरून. या कळपाला संदर्भ कळप म्हणतात. तो नसेल तर चिप नुसती अक्षरांची रांग छापून देते. होल्स्टीनवर काढलेले गुण गीरला लागू पडत नाहीत, कारण खुणा आणि खऱ्या जनुकांच्या जोड्या दोन्ही वंशांत वेगळ्या जुळलेल्या असतात. आपल्याकडे चिप आली ही आनंदाची गोष्ट आहे. पण मोजलेलं दूध लिहिलेल्या वह्या आपल्याकडे अजून फार थोड्या आहेत, आणि माझी सगळी कळकळ या वह्यांसाठी आहे. त्यावर इथे बोलावं अशी विनंती.

प्रवराकाठचा

दादा, धागा वाचून डोकं भणभणलं पण कळलं. माझ्याकडे एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकरित गाई आहेत, मुक्तसंचार गोठा. आमचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) बांधलेला. त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे कपात सुरू. उन्हाळ्यात दोन गाईंचं फॅट ३.२ वर येतं. मग हे डीगॅट-१ तपासून फॅटवाल्या गाई ठेवल्या तर परवडेल का? सरळ सांगा.

शिवारमाती

तुमच्या प्रश्नातच दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. उन्हाळ्यात फॅट पडतं ते बहुतेक वेळा चाऱ्यामुळे आणि उष्णतेच्या ताणामुळे. सुका चारा कमी, खुराक जास्त झाला की पोटातलं आम्ल वाढतं आणि फॅट घसरतं. त्यावर कुठलंही जनुक तपासून उपयोग नाही.

राहिलं जनुक. होल्स्टीनमध्ये लायसिनची आणि ॲलनिनची अशा दोन्ही प्रती आढळतात. जर्सीत लायसिनची जास्त. आपल्या देशी गाईंमध्ये जवळपास सगळ्याच लायसिनच्या. म्हणजे गीरच्या पोटी दोन्ही प्रती ॲलनिनच्या असलेल्या होल्स्टीन वळूची कालवड झाली, तर तिच्याकडे एक-एक प्रत येते. तिला पुन्हा तसाच वळू लावला तर निम्म्या वासरांत लायसिनची प्रत उरतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या एचएफच लावत गेलं की फॅट का उतरतं, याचं एक कारण इथे आहे. तरीही फक्त या एका जनुकावर गाय ठेवणं-विकणं करू नका. लायसिनवाली गाय लिटरला कमी पडते, त्यामुळे वेताअखेर एकूण पैसा किती आला हेच बघायचं. कपातीच्या रेषेच्या जरा खाली असणाऱ्या कळपात मात्र पुढचा वळू निवडताना त्याच्या माहितीपत्रकातला फॅटचा आकडा जरूर बघा. तो आकडा मुलींच्या नोंदींवरून आलेला असेल तर त्यात डीगॅट-१ आणि बाकी सगळी जनुकं आपोआप धरलेली असतात.

डॉ_गावशिवार

पशुवैद्यक म्हणून रोज रेतनाला फिरतो. माहितीपत्रकाचं तुम्ही म्हणालात ते योग्यच, पण गोठ्यात गेल्यावर मी विचारतो, या गाईचा बाप कोण? उत्तर येतं, "डॉक्टर, एचएफ." अहो, रेतनाच्या कांडीवर (वीर्याच्या नळीवर) वळूचा क्रमांक छापलेला असतो! रेतन झाल्यावर तो कार्डावर लिहून घ्या म्हणून मी घसा कोरडा करतो. बाप माहीत नसल्यामुळे त्याच वळूची कांडी त्याच्याच मुलीला लागते. मग गाय उलटते (पुन्हा माजावर येते), गाभण राहिलेली दोन महिन्यांनी रिकामी निघते, आणि दोष जातो माझ्या हाताला किंवा औषधाला.

जीनोमच्या अभ्यासातून अशा लपलेल्या दोषांबद्दल काही कळलंय का?

शिवारमाती

डॉक्टर, याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेत १९६२ मध्ये जन्मलेला पॉनी फार्म अर्लिंडा चीफ नावाचा होल्स्टीन वळू होता. दुधासाठी असा चांगला की जगभर त्याचा वंश पसरला. त्याच्या सुमारे १६,००० मुली, पाच लाखांवर नाती आणि वीस लाखांवर पणत्या. आजच्या होल्स्टीनच्या जीनोममध्ये त्याचा वाटा सुमारे १४ टक्के मानतात. २०११ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी हजारो जनावरांच्या चिपच्या नोंदी चाळल्या तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. ५ व्या गुणसूत्रावरचा एक तुकडा एका प्रतीत पुष्कळ जनावरांत आहे, पण दोन्ही प्रतींत असलेलं एकही जनावर जिवंत सापडत नाही. हिशेबाने डझनावारी सापडायला हवी होती. अर्थ उघड होता. दोन्ही बाजूंनी हा तुकडा आला की गर्भ टिकतच नाही. तो चीफकडून आलेला होता, आणि पुढे त्यात एपीएएफ-१ जनुकातली खोट सापडली. या एका खोटीमुळे जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात झाले असा २०१६ चा अंदाज आहे, नुकसान ४२ कोटी डॉलरचं. दुधाच्या वाढीतून चीफने दिलेला फायदा याच्या कित्येक पट आहे हेही त्याच संशोधकांनी मांडलं.

जे जन्मालाच आलं नाही त्याच्या गैरहजेरीवरून दोष शोधला गेला. नकाशा नसता तर हे गर्भपात आजही "गाय उलटली" या एका वाक्यात जमा झाले असते.

आपल्याकडच्या रेतन केंद्रांना एचएफ वळूंची बीएलएडी, सिट्रुलिनेमिया, फॅक्टर-११ अशा आनुवंशिक दोषांसाठी तपासणी करावी लागते. ती होते. पण खालच्या टोकाला, गोठ्यात, बाप कोण हे लिहिलेलं नसेल तर वळूची तपासणी करूनही जवळच्या नात्यातलं रेतन थांबत नाही. तुमचा कोरडा पडलेला घसा वाया जातोय असं मुळीच समजू नका.

माणदेशी_खिल्लार

मला थोडा राग आलाय, तो मांडतो. नकाशा होल्स्टीनचा, चिप होल्स्टीनवरून शिकलेली, आणि मापणार आमच्या खिल्लारला. मग निकाल काय लागणार ते ठरलेलंच आहे. देशी गाय कमी दुधाची ठरवून अजून एकदा संकराचा धडाका लावणार. आमच्या जनावराचं ए-२ दूध, उन्हात उभं राहण्याची ताकद, रोगाला न बधणं, हे कुठल्या खुणेत बसतं?

शिवारमाती

राग रास्त आहे. देशी जनावरांना परदेशी मापाने मापू नये, हेच मी वर म्हणतोय. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये देशी गाईंसाठी इंडिगौ नावाची ११,४९६ खुणांची चिप काढली. गौचिपही आपल्याकडच्या गाई समोर ठेवून केलेली आहे.

दुधापुरतं बोलायचं तर खिल्लार पिढ्यान्‌पिढ्या ओढकामासाठी निवडलेली जात. चपळ पाय, कणखर खूर, बैलाचा दम याच्यावर आपल्या आज्या-पणज्यांनी निवड केली. तिला लिटरच्या रांगेत उभं करणं हा तिच्यावरही अन्याय आणि नकाशावरही. देवणी, लाल कंधारी, गवळाऊ यांचं थोडं वेगळं. त्या दूध आणि काम दोन्हीला आहेत.

ए-२ बद्दल स्पष्ट सांगतो. बीटा केसीन या प्रथिनात ६७ व्या जागी प्रोलिन असेल तर ए-२, हिस्टिडिन असेल तर ए-१. जनुक ६ व्या गुणसूत्रावर. आपल्या देशी गाईंत आणि म्हशींत ए-२ च प्रामुख्याने असतं, हे खरं. पण होल्स्टीन आणि जर्सीतही ए-२ जनावरं भरपूर असतात. त्याचा लिटरशी संबंध नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पाकिटांवरचे ए-१, ए-२ दावे काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. त्यामुळे नुसत्या त्या शिक्क्यावर देशी गोवंश टिकेल असं मला वाटत नाही.

तो कशावर टिकेल याचं उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. सौराष्ट्रातून नेलेल्या गीरवर त्यांनी १९८५ पासून दूध मोजून, वळूंच्या मुली तपासून निवड केली, पुढे जीनोमही जोडला. गीर आपली, जनुकं आपली. नोंदी त्यांच्या.

माणदेशी_खिल्लार

हे शेवटचं वाक्य लागलं. खिल्लारची नोंद आम्ही शर्यतीच्या पळाची ठेवतो, वेताची ठेवत नाही. बघतो काय करता येतं ते.

करवीरची_म्हैस

कोल्हापूरकर. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दूध देतात, त्या परंपरेतले आम्ही. पंढरपुरी म्हशी आहेत. म्हशीचं फॅट सातच्या खाली येतच नाही, मग म्हशीच्या नकाशाची गरज काय?

शिवारमाती

तुमच्या म्हशीत डीगॅट-१ तपासायचं कारणच नाही. २००६ मध्ये भारतीय गाई आणि म्हशींच्या अनेक जातींत हे जनुक तपासलं तेव्हा सगळीकडे फॅट वाढवणारीच प्रत मिळाली. सगळ्यांकडे एकच असेल तर त्यावरून निवड कशी करणार? म्हशीत गुणसूत्रांच्या जोड्याही वेगळ्या, २५. म्हणून गाईचा नकाशा उचलून म्हशीवर ठेवता येत नाही. तिथे फरक शोधायचा तो लिटरमध्ये, दोन वेतांमधल्या अंतरात आणि पहिल्या वेताच्या वयात. पंढरपुरी लवकर गाभण राहते आणि नियमित विते ही तिची खरी श्रीमंती. महिषचिपवर गुण द्यायला आधी अशाच नोंदी लागतील.

उत्तर_समुद्र

डेन्मार्कमध्ये डेअरी क्षेत्रात नोकरी करते, मूळ सांगलीची. एक भर घालते. इथल्या वेयन गावात १८९५ मध्ये शेतकऱ्यांनी मिळून जगातली पहिली दूध नोंद संस्था काढली. एक माणूस गोठ्या-गोठ्यात फिरून दूध मोजायचा, फॅट तपासायचा. जीनोम, चिप, संगणक यातलं काहीही नव्हतं. आज युरोपात जे अचूक अंदाज दिसतात ते शंभर वर्षांच्या त्या कंटाळवाण्या कामावर उभे आहेत. हे इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना माहीत असतं आणि त्यांना त्याचा अभिमानही असतो.

डॉ_गावशिवार

पण ताई, तिथे एकेका गोठ्यात शेकडो गाई. आमच्याकडे एका दावणीला दोन-तीन. एकाची पाण्याची सोय, दुसऱ्याचा मुरघास, तिसऱ्याकडे नुसतं कडबा-कुट्टी. मग जास्त दूध गाईचं की मालकाचं, हे वेगळं कसं काढणार?

शिवारमाती

हा प्रश्न आमच्या क्षेत्रात बरीच वर्षं अडून होता. दुधातल्या फरकापैकी साधारण तीस टक्केच अनुवंशाचा असतो. बाकी चारा, गोठा, हवामान, आजार. एका गोठ्यात दोनच गाई असतील तर त्यांची आपसांत तुलना करून काही निघत नाही. पण एकाच वळूच्या मुली चाळीस गावांत चाळीस मालकांकडे असतील, तर चांगले-वाईट मालक आपोआप सरमिसळ होतात आणि त्यांच्या सरासरीत बापाचा वाटा दिसू लागतो. इथे कृत्रिम रेतन आपल्या फायद्याचं ठरतं.

दुसरं, बाप लिहिलेला नसला तरी चिप दोन गाईंमधलं खरं नातं सांगते. कुठल्या गाईत एचएफ किती टक्के, जर्सी किती, देशी किती, हेही सांगते. ६२ टक्के म्हणून विकलेली गाय ९० निघू शकते, आणि त्यावरून तिला पुढे कुठला वळू लावायचा हे बदलतं. उरुळी कांचनच्या बायफ या संस्थेने छोट्या गोठ्यांतल्या संकरित गाईंच्या दूध नोंदी आणि जीनोमची माहिती एकत्र करून काम केलंय. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून दिसलं की आपल्यासारख्या परिस्थितीतही अंदाज बांधता येतो. होल्स्टीनच्या तरुण वळूंबाबत अमेरिकेत जी विश्वासार्हता सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, तिथवर पोचायला आपल्याला कितीतरी जास्त गाईंच्या नोंदी लागतील. पण वाट बंद नाही.

सुगंधा_गोठा

मी बारामतीकडची. घरातले पुरुष गाय घेताना चर्चा करतात, धार आम्ही काढतो. त्यामुळे वही लिहायची झाली तर ती आमच्याच हातात येणार. तुम्ही सगळे नोंद नोंद म्हणताय, पण लिहायचं काय आणि रोज लिहायचं का, ते कुणीच सांगितलं नाही. रोज दोन वेळा वजन करून लिहिणं मला जमणार नाही. आणि आधीची माझी एक वही आहे, त्यात फक्त विल्याची तारीख आणि डेअरीला घातलेलं एकूण दूध आहे. त्याचा उपयोग होईल का?

शिवारमाती

सुगंधाताई, रोज अजिबात नको. महिन्यातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गाईचं दूध वेगळं मोजा, लिटरच्या मापापेक्षा वजनकाट्यावर किलोत मोजलेलं बरं, फेसाने माप चुकतं. वासरू पीत असेल तर तसं लिहा. शक्य असेल तर त्या दिवशीच्या दोन्ही वेळच्या दुधाचा मिसळलेला नमुना केंद्रावर देऊन गाईवार फॅट लिहून घ्या. विल्यापासून भाकड होईपर्यंत असे दहाएक दिवस झाले की वेताचा चांगला हिशेब निघतो.

गाईचं नाव लिहा, पण सोबत कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक लिहाच. 'लक्ष्मी' प्रत्येक गोठ्यात असते. रेतन झालं की डॉक्टरांकडून कांडीवरचा वळूचा क्रमांक मागून घ्या. विल्याची तारीख, वासरू नर की मादी, गाय उलटली किंवा गाभडली तर ती तारीखसुद्धा. चीफची गोष्ट आठवा, वाईट नोंदीच पुढे कामी येतात.

जुन्या वहीतलं एकूण दूध गाईवार वेगळं करता येणार नाही. विल्याच्या तारखा मात्र सोन्यासारख्या आहेत. त्यावरून दोन वेतांमधलं अंतर निघेल. वही टाकू नका.

डॉ_गावशिवार

सुगंधाताई, कांडीची रिकामी नळी रेतनानंतर आम्ही टाकून देतो. ती मागून घ्या आणि वहीला चिकटपट्टीने लावून तारीख घाला. क्रमांक लिहिताना अंक चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. माझ्या भागातल्या गोठ्यांना मी हेच सांगणार आहे आता.

प्रवराकाठचा

डॉक्टर, नळी चिकटवायची कल्पना घेतली. शिवारमाती दादा, आमच्या संकलन केंद्रावर महिन्यातून एक दिवस गाईवार फॅट तपासून देता येईल का, ते अध्यक्षांशी बोलतो. यंत्र तिथे आहेच, सकाळी गर्दी संपल्यावर तासभर मोकळंच असतं. वीस-पंचवीस गोठे तयार झाले तर नोंदी कुणाकडे आणि कुठल्या नमुन्यात द्यायच्या तेवढं कळवा.